रुग्णाच्या मापाची सळी आणि तिच्याआधीचा आराखडा

कण्याच्या विकृतीवरील शस्त्रक्रियांसाठी एक्स-रे मोजून आराखडे तयार करणे हे माझे काम असल्यामुळे, ‘आता कणा सरळ धरण्यासाठी मणक्यांना स्क्रूने जोडायची धातूची सळीसुद्धा रुग्णाच्या मापाने घडवून मिळते, मग काळजी कसली?’ हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर सळीपेक्षा तिच्याआधी होणाऱ्या मोजमापात शोधावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

स्कोलिओसिसमध्ये मणके एका बाजूला झुकतात, स्वतःभोवती फिरतात आणि बाजूने पाहताना दिसणारे कण्याचे नैसर्गिक बाकही बिघडतात. किशोरवयात कॉब कोन, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला बाजूच्या वाकाचा कोन, साधारण ४५ ते ५० अंशांपुढे गेला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. १९६०च्या दशकात रूढ झालेल्या हॅरिंग्टन सळीने समोरून दिसणारा वाक ताणून कमी केला, परंतु ती कमरेत खालपर्यंत नेली की तिथला नैसर्गिक बाकही सपाट होई आणि अशा कित्येक रुग्णांना पुढे सरळ उभे राहणेच अवघड जाऊ लागले. बाजूने काढलेल्या एक्स-रेचे महत्त्व पटायला या रुग्णांचे हाल कारणीभूत झाले, हे विसरता येत नाही.

कमरेला किती बाक हवा, हे कटीच्या हाडांच्या ठेवणीवर अवलंबून असते. ही ठेवण सांगणारा ‘पेल्विक इन्सिडन्स’ नावाचा कोन वाढ पूर्ण झाल्यावर जवळजवळ बदलत नाही. तो कोणाचा ४० अंश भरतो, तर कोणाचा ७०. पहिल्याला पुरेसा ठरणारा बाक दुसऱ्याला दिला, तर त्याचा तोल पुढे जातो आणि तो सावरण्यासाठी त्याला कटी मागे फिरवून, गुडघे वाकवून उभे राहावे लागते.

नेहमीच्या पद्धतीत सर्जन हा बाक शस्त्रक्रियेच्या वेळीच, हाताने चालवायच्या बेंडरमध्ये सळी दाबून, नजरेच्या अंदाजाने देतात. प्रत्येक दाबाबरोबर धातूवर बारीक खूण उठते, आणि टायटॅनियम अशा खुणांच्या बाबतीत नाजूक असल्याने वर्षानुवर्षांच्या हालचालीत सळी तिथूनच मोडण्याचा धोका वाढतो. फ्रान्समधील मेडिक्रिया कंपनीच्या ‘युनिड’ सळ्यांना अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. त्या आराखड्यानुसार आधीच वाकवून येतात. हा फायदा खरा आहे, आणि कोन आधी ठरवावे लागतात हा फायदा तर मला त्याहून मोठा वाटतो.

मात्र आराखडा ज्या एक्स-रेवर उभा राहतो, तोच चुकीचा असेल तर सळी अचूक घडूनही उपयोग नाही. एक्स-रे उभ्याने, डोक्यापासून मांडीच्या हाडांपर्यंत हवा. हाताची बोटे गळपट्टीच्या हाडावर टेकवलेली हवीत, म्हणजे दंडांमुळे कणा झाकला जात नाही. आणि गुडघे सरळ हवेत. गुडघ्यात थोडासा वाक राहिला, तरी पुढे गेलेला तोल चित्रात लपतो. सीटी स्कॅन झोपवून काढतात, त्यामुळे हा तोल त्यात दिसतच नाही.

स्क्रूसाठी थ्रीडी प्रिंटिंगने घडवलेले गाइड, म्हणजे मणक्यावर ठेवून छिद्राची दिशा दाखवणारे साचे, मात्र सीटीवरच बेततात. वाकाच्या आतल्या बाजूला पेडिकल, म्हणजे ज्यातून स्क्रू जातो ते मणक्याचे हाडाचे खांब, अरुंद असतात आणि मज्जारज्जूही तिकडेच सरकलेला असतो, म्हणून तिथे त्यांचा आधार मोलाचा ठरतो. परंतु हाडावरचे स्नायू व ऊती पूर्णपणे खरवडून काढल्या नाहीत, तर गाइड नीट बसत नाही आणि छिद्राची दिशा चुकते. शिवाय लहान वयात सीटीचे किरण हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहेच.

सळी शरीरात बसल्यावरही वळणदार कण्याच्या ओढीने थोडी सपाट होते, आणि न जोडलेले वरचे मणके नव्या बाकाला आपापल्या परीने प्रतिसाद देतात. काही रुग्णांत सळीच्या वरच्या टोकापाशी कणा पुढे झुकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचा उभ्याने काढलेला एक्स-रे आराखड्याशेजारी ठेवून, ठरवलेले आणि प्रत्यक्षात मिळालेले कोन पुन्हा मोजावेत, असा माझा आग्रह असतो. पालकांनीही सर्जनना हे दोन्ही आकडे अवश्य विचारावेत.