407 चं आयडलिंग: आधी हवा, मग नोझल, पंप सगळ्यात शेवटी

डिझेल गाडी उभ्या उभ्या थरथरायला लागली की दोन सल्ले ठरलेले असतात. एक, डिझेल पंप काढून कॅलिब्रेशनला (मापं तपासून जुळवायला) टाका. दोन, आयडलिंगचा (गाडी उभी असताना इंजिन ज्या कमी वेगाने फिरतं त्याचा) स्क्रू फिरवून रेस थोडी वाढवा, थरथर कमी होईल. आमच्या टाटा 407 टेम्पोला पण हे दोन्ही सल्ले मिळाले आणि आम्ही दोन्ही बाजूला ठेवले. का ठेवले आणि नेमकं काय सापडलं ते नीट लिहून ठेवतोय, कारण मेकॅनिकल पंपाच्या जुन्या गाड्या आपल्या भागात अजून भरपूर आहेत आणि पंप उतरवायचा म्हणजे गाडी उभी राहते, खर्च होतो तो वेगळाच.

टाटाची 407 बाजारात आली 1986 ला, आमची नव्वदच्या दशकाच्या शेवटची. 497 इंजिन, टर्बो नाही, 4 सिलेंडर, बोर 97 मिमी आणि स्ट्रोक 100 मिमी, म्हणजे 2956 सीसी. इनलाईन पंप (प्रत्येक सिलेंडरला डिझेल दाबणारा वेगळा एलिमेंट असलेला), सेन्सर एकही नाही. टोमॅटोच्या सीझनला नारायणगाव, बाकी वेळेला कांदा घेऊन आळेफाटा, असं तिचं काम. रस्त्यावर पळताना काहीच तक्रार नव्हती, चढाला ओढ पण व्यवस्थित. पण वजनकाट्यावर लाईनीत उभी राहिली की अशी हलायची की आरशात मागचं काही दिसायचं नाही आणि रिकामे क्रेट एकमेकांवर खडखड वाजत राहायचे. रेस पण एकसारखी नाही, आपोआप खाली जायची, परत वर यायची, मधेच बंद पडते की काय असं वाटायचं. आणि सकाळी पहिल्या स्टार्टला सेल्फ जास्त वेळ मारायला लागायचा.

आता फक्त उभी असतानाच का? माझ्या मते सगळ्या तपासाची किल्ली इथेच आहे. हिशोब करून बघा. आयडलिंग 700 आरपीएम धरा. फोर स्ट्रोक इंजिनात एक सिलेंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला 350 वेळा, चार सिलेंडर मिळून 1400. उभ्या गाडीला तासाला पाऊण लिटर डिझेल लागतं असं धरलं तर एका वेळच्या फवाऱ्याला 9 घन मिलिमीटरच्या आसपास डिझेल येतं. एक थेंब साधारण 50 घन मिलिमीटरचा असतो, म्हणजे थेंबाचा पाचवा हिस्सा पण नाही! एवढ्याशा मापात बारीकसा हवेचा बुडबुडा आला किंवा नोझल, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं टोक, जरासं गळलं तर त्या सिलेंडरचं गणितच बिघडतं. रस्त्यावर लोडमधे फवारा कितीतरी मोठा असतो, तिथे तेवढाच बुडबुडा पचून जातो. म्हणून आयडलिंगला गाडी जे सांगते ते पळताना सांगत नाही. आणि म्हणूनच स्क्रू फिरवून रेस वाढवणं मला अजिबात पटत नाही, दोष तसाच राहतो, फक्त दिसायचा बंद होतो, वर डिझेल जातं ते वेगळं.

पहिला धागा आण्णांनी दिला. ते म्हणाले, "अरे, टाकी फुल्ल असली की ही बरी चालते, अर्ध्याच्या खाली गेली की जास्त हलते." पंप खराब असता तर त्याला टाकीत किती डिझेल आहे याच्याशी काय देणंघेणं? टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतलं डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) लाईनीत डिझेल ओढलं जातं, तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. टाकी रिकामी होत गेली की डिझेल जास्त खालून ओढावं लागतं, ओढ वाढते, आणि लाईनीत कुठे चीर असेल तर तिथून हवा आत शिरते. या बाजूचा लीकेज डोळ्याला दिसत नाही, कारण गाडी चालू असताना डिझेल बाहेर येतच नाही, हवा आत जाते. खाली थेंब नाही, पाईप ओला नाही, सगळं कोरडं ठणठणीत. रात्री उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरून लाईनीतलं डिझेल टाकीकडे परत उतरतं, म्हणून सकाळचा तो सेल्फ.

खात्री करायला फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक पाईप जोडला, डिझेल चालतं तसला, दोन्हीकडे क्लॅम्प लावून. गाडी चालू केली आणि बघत बसलो. आधी काहीच नाही, स्वच्छ डिझेल. मग मोहरीएवढा एक बुडबुडा आला, मागोमाग दोन-तीन, आणि एक मोठा गेला की थोड्या वेळाने रेस खाली जायची. बुडबुडा आणि थरथर अशी एकामागे एक बघितल्यावर पंपावरचा संशय जवळजवळ गेलाच.

हवा नक्की कुठून येते हे शोधायला टाकी बाजूला काढली, म्हणजे स्वच्छ कॅनमधे डिझेल भरून कॅन केबिनच्या उंचीला बांधला आणि त्याचा पाईप थेट फीड पंपाला दिला. बुडबुडे बंद! म्हणजे फीड पंप, फिल्टर, पुढचं सगळं ठीक, दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच पट्ट्यात. मग तो पट्टा हाताने चाचपत गेलो. चासीवरून येणारा लोखंडी पाईप संपतो आणि रबरी पाईप सुरू होतो, त्या जोडावर कोणीतरी कधीकाळी क्लॅम्पच्या जागी बांधायची तार गुंडाळून आवळली होती. तार रबर कापत कापत आत गेलेली, आणि पाईप वाकवला की केसाएवढी चीर तोंड उघडायची. सरळ धरला तर काहीच दिसत नव्हतं. पाईप नवा टाकला, चांगले क्लॅम्प, बॅन्जो बोल्टचे (मधून डिझेल जाणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर पण सगळे नवे, फिल्टर बदलले. फीड पंपाखालची जाळी धुतली, त्यात शेवाळासारखा काळा गाळ होता. मग हॅन्ड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारून फिल्टरच्या वरच्या स्क्रूतून फेस संपून सलग डिझेल येईपर्यंत हवा काढली.

रेसचं वरखाली होणं गेलं, सेल्फ एका दमात. पण थंड इंजिनावर अजून एक ठराविक ठोका राहिला होता, ढप... ढप... असा एकाच लयीत, आणि सायलेन्सरमधून पांढरट धूर, त्याला कच्च्या डिझेलचा डोळे झोंबणारा वास. लय ठराविक आहे म्हणजे एकच सिलेंडर, असं मेस्त्री म्हणाले, आणि ते बरोबर होतं.

तो शोधायची पद्धत जुनीच आहे. गाडी आयडलिंगला ठेवायची आणि एकेका नोझलवरचा हाय प्रेशर पाईपचा नट अर्धा फेरा सैल करायचा. चांगल्या सिलेंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच बसतं, आवाज बदलतो. एक नंबर सैल केला, इंजिन बसलं. दोन, बसलं. तीन नंबरला काही फरकच नाही, जसं होतं तसंच. चार, बसलं. म्हणजे तीन नंबर काम करत नव्हता.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. हा प्रकार फक्त जुन्या मेकॅनिकल पंपावर करायचा, तोही चष्मा घालून, नटावर जाड फडकं टाकून, आणि फवाऱ्याच्या आड बोट कधीही आणायचं नाही. प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं, वरून जखम टाचणीएवढी दिसते आणि आत हात खराब होतो. असं काही झालं तर घरी हळद लावत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि कॉमन रेलच्या (नव्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल सिस्टिमच्या) गाडीला हे अजिबात करायचं नाही, तिथे प्रेशर हजार बारच्या वर जाऊ शकतं.

तीन नंबर बंद आहे हे कळलं, पण कशामुळे? नोझल, कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला हवेचा दाब) की पंपाचा तीन नंबरला डिझेल देणारा एलिमेंट? यासाठी तीन नंबरचा इंजेक्टर दोनला टाकला, दोनचा तीनला, खालचे वायसर दोन्हीकडे नवे. परत नट सैल करून बघितले तर आता दोन नंबर बंद आणि तीन नंबर व्यवस्थित. दोष इंजेक्टरबरोबर सरकला म्हणजे दोष इंजेक्टरमधेच. तो तिथेच तीन नंबरला राहिला असता तर मग टॅपेटचा (वॉल्व्हचा) गॅप, कॉम्प्रेशन, ऑइलचं झाकण उघडून भपके येतात का हे बघावं लागलं असतं, आणि या सगळ्यात काही नाही मिळालं तरच पंप.

तो इंजेक्टर बाकीच्या तिघांबरोबर टेस्टिंगला नेला. टेस्टरवर हात मारला तर बाकीच्या तिघांचा बारीक धुक्यासारखा फवारा, आणि याची एका बाजूला सरळ धार, वर धार थांबल्यावर टोकाला थेंब लटकलेला. नोझल बदललं, प्रेशर सेट करून घेतलं, बसवताना जुना वायसर खड्ड्यात चिकटून राहिला नाही ना ते टॉर्च मारून बघितलं. तो राहिला तर नव्या वायसरखाली दोन वायसर होतात आणि नोझलचं टोक वर राहतं.

आयडलिंगचा स्क्रू सगळ्यात शेवटी, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, आणि तो खाली आणावा लागला, कारण आधी कोणीतरी वाढवून ठेवलेलाच होता. आता काट्यावर क्रेट वाजत नाहीत. बंद करताना शेवटचा एक झटका अजून बसतो, तो डावीकडच्या इंजिन माउंटिंगचा, रबर दबलेलं स्पष्ट दिसतंय. ते पुढच्या आठवड्यात गाडी रिकामी असताना बदलणार आहोत, जोडीनेच, कारण एकच नवं टाकलं तर इंजिन एका बाजूला कलतं.