निळा हॉल, भाग चौथा : सहाच्या सहा स्टेट बरोबर, तरी मोटर गुरगुरते

आधी बातमी. माझ्या ई-सायकलच्या चाकातली मोटर गुरगुरायची थांबली. चाक हवेत, पूर्ण थ्रॉटल, वॅटमीटरवर ०.८ अँपिअर. गेले तीन आठवडे हाच आकडा ३.६ होता आणि आवाज असा, की शेजारच्या काकांनी गिरणी टाकलीस का म्हणून विचारलं.

यवतेश्वरच्या घाटात ॲक्सल फिरला, केबल पिळवटली, फेजची जाड वायर निळ्या हॉलच्या बारीक वायरला चिकटली आणि तो हॉल गेला, इथपर्यंतचं तुम्हाला ठाऊक आहे. नव्यांसाठी: हॉल म्हणजे मॅग्नेटचा ध्रुव ओळखणारा छोटा सेन्सर. मोटरमध्ये असे तीन, वायरच्या रंगावरून पिवळा, हिरवा, निळा. त्यांच्यावरून चाक कुठे आहे ते ओळखून कंट्रोलर तीन वाइंडिंगना, म्हणजे तीन फेजना, आळीपाळीने करंट देतो. दुसऱ्या भागात मी 'तिन्ही हॉल मेले' असं ठोकून दिलं होतं, तेही तुम्ही विसरला नसाल. पुल-अप रेझिस्टर न लावता मोजत होतो. हॉलचं आउटपुट फक्त खाली ओढतं, वर न्यायला रेझिस्टर लागतो. कंट्रोलरमध्ये तो आत असतो, टेबलावर आपला आपण लावावा लागतो. तिसऱ्या भागात चूक कबूल केली, पुन्हा तेच नको.

तर निळा बदलला. जुना इपॉक्सीतून खरवडून काढायला दोन संध्याकाळी गेल्या, नवा बसवायला वीस मिनिटं. मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट, तीन एलईडी, तीन १के रेझिस्टर हा आपला नेहमीचा टेस्टर लावला आणि चाक हळूहळू फिरवलं. आउटपुट शून्य झालं की दिवा लागतो. जुना निळा मेलेला असताना दर चक्रात एकदा तिन्ही दिवे विझायचे, म्हणजे १११, आणि १२० अंशांच्या मोटरमध्ये (तिन्ही हॉलचे सिग्नल एकमेकांपासून १२० अंशांवर) १११ किंवा ००० येता कामा नये. आता ते गायब. सहाच्या सहा स्टेट, म्हणजे तीन दिव्यांच्या उरलेल्या सहा जुळण्या, क्रमाने, पुन्हा पुन्हा. मी चहा घेतला, झाकण बसवलं, बारा स्क्रू आवळले, थ्रॉटल दिला.

गुर्रर्र.

चाक फिरत होतं, अगदी सुटायलाही धक्का लागत नव्हता. पण आवाज खडखडीत आणि करंट ३.६. पहिला संशय साहजिक फेजच्या जुळणीवर. तीन फेज आणि तीन हॉल यांच्या छत्तीस जोड्या होतात. त्यातल्या सहाच खऱ्या, तीन पुढे नेणाऱ्या आणि तीन मागे. बाकीच्यांत काही अशा लबाड असतात की मोटर फिरवतात, पण करंट खातात. मी रंगाला रंग जोडला होता, आणि अपघाताआधी याच जोडीवर गाडी दोन वर्षं चालली होती, तरी हट्टाने सगळ्या जोड्या तपासल्या. एक शनिवार गेला. सगळ्यांत कमी करंटची जोडी निघाली ती मूळचीच, रंगाला रंग. ३.६ पेक्षा खाली एकही नाही.

मग फेजमध्ये शॉर्ट आहे का ते पाहिलं. तिन्ही फेज मोकळे ठेवून चाक फिरवलं, सहज फिरतं. दोन-दोन टोकं जोडून फिरवलं, तिन्ही वेळा सारखाच अडथळा. वाइंडिंग ठीक. मग म्हटलं हॉल गरम झाल्यावर दगा देत असेल, म्हणून झाकण पुन्हा काढून बहिणीचा हेअर ड्रायर दहा मिनिटं स्टेटरवर, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या वाइंडिंगच्या भागावर, धरला. हात लावता येईना इतकं तापलं, दिवे आपले इमानदारीत लागत-विझत राहिले. कंट्रोलर बदलून पाहायचा होता, पण दुसरा आहे तो ४८ व्होल्टचा, माझ्या ३६ व्होल्टच्या पॅकवर तो लो-व्होल्टेज समजून झोपूनच जातो.

इथे मी चार दिवस सायकलकडे बघितलं नाही.

पाचव्या दिवशी डोक्यात आलं की मी फक्त स्टेट कोणत्या येतात ते पाहतोय, प्रत्येक स्टेट किती वेळ टिकते ते पाहतच नाहीये. मोटर गिअरलेस आहे, उघडली तेव्हा मोजले होते, ४६ मॅग्नेट, वाइंडिंगचे ५१ दात. म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या २३ जोड्या, चाकाच्या एका फेरीत २३ इलेक्ट्रिकल चक्रं. २६ इंची टायरचा घेर टेपने मोजला, २०५० मिलिमीटर. भागिले २३, एक चक्र साधारण ८९ मिलिमीटर. सहा स्टेट, प्रत्येकी १५ मिलिमीटर. हे डोळ्यांनी दिसण्यासारखं आहे! मोटरच्या आत जे अडीच अंशांत घडतं ते टायरवर बोटभर रुंद होऊन येतं.

टायरभोवती मास्किंग टेप गुंडाळली, फोर्कला जुना स्पोक बांधून काटा केला आणि दिवा बदलला की पेन्सिलची खूण. पहिल्यांदा आकडे काहीच्या बाही आले, कारण मी खूण चुकली की चाक मागे घेत होतो. हॉल लागतो एका जागी आणि सुटतो दुसऱ्या जागी, त्यामुळे दिशा बदलली की खुणाही सरकतात. एकाच दिशेने फिरवायचं, चुकलं तर पुढच्या चक्राची वाट बघायची. आई दारातून बघत होती. "अरे, गोलच आहे ते चाक. किती वेळा मोजशील?"

एकाच दिशेने फिरवल्यावर आलं ते असं: १५, २२, ७, १५, ७, २२. पुढच्या चक्रात तेच, त्याच्या पुढच्यात तेच.

पिवळा आणि हिरवा दिवा निम्मं चक्र लागून निम्मं विझतात, साधारण ४५ मिलिमीटर. निळा लागतो जेमतेम २९ मिलिमीटर. सुरुवात उशिरा, शेवट लवकर, दोन्हीकडे सारखीच कपात. स्टेटचा क्रम त्यामुळे बिघडत नाही, टेस्टर खूश. पण कंट्रोलर बिचारा फेज कधी बदलायचा ते हॉलच्या काठावरूनच ठरवतो, आणि एक चक्र ३६० अंश धरलं तर सहातले दोन काठ तीस-तीस अंश चुकलेले. एक उशिरा, एक घाईत. तेवढा वेळ करंट नको त्या वाइंडिंगमधून जातो, ओढ कमी, उष्णता आणि आवाज जास्त.

निळाच कमी वेळ का लागावा? उरलेले चार हॉल डबीतून काढले, मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन छाप वाचला. ३१४४.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत मी स्पष्ट 'लॅचिंग हॉल द्या' म्हणालो होतो. काउंटरवरचा म्हणाला, "साहेब, हॉल म्हणजे हॉल. सगळे ई-बाइकवाले हेच नेतात." पिनांचा क्रम तोच, आकार तोच, मी छाप वाचला नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण अर्धी चूक माझी आहे. ए३१४४ हा एकाच ध्रुवाला ओळखणारा स्विच. दक्षिण ध्रुव पुरेसा जवळ आला की लागतो, दूर गेला की विझतो, उत्तर ध्रुवाशी त्याला देणंघेणं नाही. सायकलचा स्पीडोमीटर करायला उत्तम. मोटरमध्ये मात्र दक्षिण संपून उत्तर सुरू होते तिथे पलटी खाणारा आणि तोवर तसाच राहणारा हॉल लागतो, तोच लॅच. जाता जाता एक सांगतो, आपल्यात सर्रास वापरतात तो ४१एफ सुद्धा कागदावर 'बायपोलर' आहे, लॅचची हमी नाही. मोटरमध्ये उलटा ध्रुव येतच राहतो म्हणून खपून जातं. मी या वेळी एसएस४६१ए मागवले, ते खरे लॅच. महाग पडले, कुरिअरचा खर्च मालापेक्षा जास्त, पण बिलावर पार्ट नंबर होता आणि पुडीतही तोच निघाला. यापुढे हॉल मी गल्लीतून घेणार नाही. वायर, स्लीव्ह, कनेक्टर यांसाठी गल्लीला तोड नाही, ते वेगळं.

चिकटवण्याआधी प्रत्येक हॉल तपासला. जुन्या इअरफोनमधलं चुंबक जवळ न्या, दिवा लागतो. चुंबक दूर न्या. ३१४४ लगेच विझतो. ४६१ लागलेलाच राहतो, चुंबक उलटं करून दाखवेपर्यंत. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि ते न केल्यामुळे माझे तीन आठवडे गेले.

आता मजा ऐका. इथपर्यंत लिहून झालं आणि नवीन हॉल बसवायला झाकण उघडणार, तेवढ्यात सुचलं की निम्मा वेळ शून्य आणि निम्मा वेळ पाच म्हणजे सरासरी अडीच. मग टेप, पेन्सिल, स्पोक हवेत कशाला? साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवला की सरासरीच दाखवतो. लिहिणं थांबवून उठलो. एलईडी काढून टाकले, कारण दिव्यातून गेलेलं व्होल्टेज वरच्या बाजूला पूर्ण पाच दाखवत नाही, आणि प्रत्येक आउटपुटला ४.७के पुल-अप लावला. हाताने जोरात फेरी दिली. सेकंदाला दोन फेऱ्या म्हणजे ४६ हर्ट्झ, मीटर स्थिर राहायला पुरे.

पिवळा २.५६. हिरवा २.५८. निळा ३.४१.

टेपवरचे २९ मिलिमीटर घेऊन हिशेब केला तर ३.४ च्या आसपासच यायला हवं होतं. खुर्चीत बसून मी तो आकडा बराच वेळ नुसता पाहत होतो. सगळी तपासणी दोन मिनिटांत, झाकण न उघडता, दोनशे रुपयांच्या पिवळ्या मीटरवर. गिअरवाली मोटर असेल तर चाक उलटं फिरवा, पुढे फिरवलं तर आतल्या क्लचमुळे रोटर फिरतच नाही आणि हॉल मेले म्हणून तुम्हीही माझ्यासारखी घोषणा कराल.

माझा बेत तिन्ही हॉल बदलण्याचा होता, एकाला झटका बसला तर बाकीच्यांचा काय भरवसा. पण २.५६ आणि २.५८ पाहून हात आवरला. चालत्या हॉलला खरवडायचं म्हणजे शेजारच्या वाइंडिंगचं इनॅमल दुखावायचं. फक्त निळा काढला. नवा बसवताना छापाची बाजू बाकी दोघांसारखी आहे ना ते तीनदा पाहिलं, कारण एक उलटा बसला की त्याचा सिग्नल उलटा होतो, आणि मधला उलटा म्हणजे मोटर ६० अंशांची झाल्यासारखी ००० आणि १११ दाखवायला लागते. आधी फेविक्विकचा एक थेंब, मग मीटर, मगच अरल्डाइट. याच क्रमाने करा.

निळा २.५७. बाकीचं वर सांगितलंच.

उघडलंच आहे तर केबलमधली सहावी पांढरी वायर रिकामी पडून होती, तिला तापमान मोजणारा १०के थर्मिस्टर जोडून वाइंडिंगच्या डोक्यावर बांधला. घाटात किती तापते ते एकदा कळू दे. हॉलच्या पाच व्होल्टवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही टाकला. गरज होती का, माहीत नाही, डबीत होता. केबल या वेळी ॲक्सलमधून निघून खाली वळण घेऊन वर जाईल, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून मोटरीत न शिरता वळणावरून गळेल.

यवतेश्वरला मात्र अजून नेणार नाही. मुळात ॲक्सल फिरला म्हणूनच हे सगळं रामायण झालं, आणि टॉर्क आर्म, म्हणजे तो फिरू न देणारी पट्टी, अजून लागलेला नाही. बाजारातला पातळ पत्र्याचा नको म्हणून ६ मिलिमीटरच्या प्लेटमधून १० मिलिमीटरची खाच कापायला फॅब्रिकेशनवाल्याकडे नमुना देऊन आलोय. गुरुवारी देतो म्हणाला. कुठल्या, ते नाही सांगितलं.