कार्नफोर्थला न थांबणाऱ्या गाड्या

उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टचे चार दिवस तळी, मेंढ्या आणि पावसात गेले. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते पाचव्या दिवसाच्या दोन-अडीच तासांबद्दल. लँकेस्टरहून दहाएक मिनिटांवर कार्नफोर्थ नावाचं आडबाजूचं स्टेशन आहे, तिथे मी नवऱ्याला ओढत नेलं. "स्टेशन बघायला? सुट्टीत?" हा त्याचा प्रश्न रास्तच होता. आमचं निम्मं आयुष्य ठाण्याच्या फलाटावर गेलंय.

पण याच स्टेशनावर चित्रित झालेला 'ब्रीफ एन्काउंटर' हा इंग्रजी सिनेमा मी विशीत पाहिलाय, पुण्याला, लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये. बाईच्या डोळ्यात इंजिनाची काजळी जाते, एक डॉक्टर रुमालाच्या टोकानं ती काढतो आणि मग गुरुवारमागून गुरुवार ही दोन संसारी माणसं स्टेशनच्या उपाहारगृहात भेटत राहतात. गोष्ट एवढीच. नोएल कॉवर्डच्या एकांकिकेवरून डेव्हिड लीननं १९४५ साली केलेला हा सिनेमा. लहानपणी घरच्या धार्मिक शिस्तीपायी ज्याला सिनेमा बघू देत नसत, तो हा लीन! नायिका सिलिया जॉन्सनचे ते मोठ्ठे डोळे आणि मागे रखमानिनॉफ या रशियन संगीतकाराचा पियानो. मी दोन दिवस धड जेवले नव्हते. नवऱ्याला पटवायला म्हणून सांगितलं, १९४६ साली कान महोत्सवात जे अकरा सिनेमे सर्वोच्च पुरस्काराचे मानकरी ठरले, त्यात हा होता आणि आपल्या चेतन आनंदचा 'नीचा नगर'सुद्धा. "बरं," म्हणाला.

गोष्ट घडते लंडनच्या आसपास, पण चित्रीकरणासाठी मंडळी इतक्या वर आली ती युद्धामुळे. फेब्रुवारी १९४५. रात्री फलाटावर दिवे लावायचे, म्हणजे विमानांना आमंत्रणच. इतक्या उत्तरेला, हल्ल्याची खबर आली तरी दिवे मालवायला वेळ मिळाला असता. सिनेमात फलाटावरच्या पाटीवर लीड्स, ब्रॅडफर्ड अशी उत्तरेकडची नावं बिनदिक्कत दिसतात. छायाचित्रकार रॉबर्ट क्रॅस्करनं टिपलेल्या त्या धुरापुढे पाट्या वाचायला कोण बसतंय!

सिनेमातलं ते मोठं घड्याळ आहे. भुयारातून फलाटावर चढणारा उतारही आहे, ज्यावरून नायिका धावते. मी धावून पाहिलं. गुडघ्यानं नको म्हटलं. उपाहारगृहाची मात्र गंमत आहे. सिनेमातलं उपाहारगृह डेनमच्या स्टुडिओत उभारलेलं होतं. इथलं पुढे त्या सेटसारखं सजवलं. म्हणजे मी सात हजार किलोमीटर येऊन नकलेची नक्कल बघत होते. आणि तरी काउंटरपाशी उभी राहिले तेव्हा घसा दाटलाच.

चहा पाणचट. स्कोन बरा.

त्या दोघांचा शेवटचा निरोप अशाच टेबलापाशी होतो. नेमकी तेव्हाच एक ओळखीची बडबडी बाई येऊन बसते, आणि जाताना त्याला फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवता येतो. एक क्षण. मागून, नुसता दाब. तो हात मी तीस वर्षं जपलाय. डॉक्टर झालेल्या ट्रेव्हर हॉवर्डचा आहे म्हणून असेल.

मी हे सगळं मनात घोळवत असताना समोर नवरा मोबाईलवर सुडोकू सोडवत होता. एकदम चमकले. सिनेमातला तिचा नवरा फ्रेडही असाच! शेकोटीपाशी शब्दकोडं घेऊन बसलेला, अडला की बायकोला विचारणारा. विशीत मी त्याला हसले होते.

बाहेर आलो. फाटकन एक गाडी गेली. मुख्य मार्गाचे फलाट १९७० मध्येच बंद झाले, लांबच्या गाड्या इथे थांबत नाहीत. सिनेमातल्या नायिकेसारखा जाणाऱ्या गाडीचा वारा तोंडावर घ्यावा अशी फार इच्छा होती, पण मध्ये कुंपण. हाती काय लागलं, तर नुसता धडाडा आणि विस्कटलेले केस. एवढ्यासाठी आल्याची थोडी लाज वाटली.

परतीच्या गाडीला वीस मिनिटं होती. बाकावर बसून त्याला सगळी गोष्ट सांगितली, खांद्यावरच्या हातासकट. तो मधे एकदाही बोलला नाही, हे विशेष. मग विचारलं, "त्या फ्रेडला कळलं होतं का?"

"कळलं असावं."

"आणि तो काही बोलला नाही?"

"तसं थेट नाही."

त्यानं मोबाईल खिशात टाकला. पर्समधून डोकावणारी माझी ओली छत्री काढली, झटकली, आपल्या हातात घेतली.

"गाडी आली," म्हणाला.