बेदाण्याच्या हंगामातली हरणी: कारवान पिल्लाची नोंद

हरणी म्हणजे आमची कारवान जातीची कुत्री. तिला आठवा महिना सरत आलाय. वजन १७ किलोच्या आसपास, उंची अजून वाढतेय. कानाला झुपके आले नाहीत, म्हणजे पश्मी (याच जातीतला लांब केसांचा प्रकार) निघणार नाही, गुळगुळीत अंगाची कारवानच. मागच्या नोंदीत लसींपर्यंत आलो होतो. नंतर तासगावच्या बाजूला दरवर्षी होतं तेच झालं: द्राक्षं उतरली, बेदाणा वाळवायची शेड भरली आणि आमचं लक्ष हरणीच्या पायांवरून तिच्या तोंडाकडे वळलं.

कारवान पाळणाऱ्यांच्या गप्पा पळण्यावर सुरू होतात आणि पळण्यावरच संपतात. पण सांगली जिल्ह्यात कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला बेदाण्याचं सांगायलाच हवं. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. पशुवैद्यांना हे वीसेक वर्षांपासून ठाऊक आहे, कारण मात्र सापडत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांचं बोट टार्टारिक आम्लाकडे गेलं. क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे टार्टारिक आम्लाच्या क्षाराची पूड, घालून घरी मळलेली मुलांच्या खेळण्यातली माती एका कुत्र्यानं खाल्ली होती आणि त्याची मूत्रपिंडं अगदी द्राक्ष खाल्ल्यासारखीच बिघडली होती. तेच आम्ल द्राक्षात असतं, चिंचेतही असतं. माणसाला त्याचा त्रास होत नाही, कुत्र्याच्या मूत्रपिंडांना मात्र ते नीट बाहेर टाकायला जमत नाही.

शेडवर हे सांगितलं तेव्हा तात्या म्हणाले, "आरं, एक-दोन मण्यानं काय हुतंय? आमची कुत्री जन्मापास्नं शेडवरच हायती."

तात्यांचं म्हणणं खोटं नाही. मूठभर मणी खाऊन ठणठणीत राहिलेली कुत्री मीही पाहिलीत. पण आम्लाचं प्रमाण जातीनुसार, पिकण्यानुसार, जमिनीनुसार बदलतं. एका कुत्र्याला काही होत नाही आणि दुसरं तेवढ्यावरच आडवं होतं, ते बहुधा यामुळेच. इतके मणी चालतील असा आकडा कुठलाही डॉक्टर देत नाही. त्यातून साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे बेदाण्याच्या मुठीत द्राक्षाच्या मुठीपेक्षा कितीतरी जास्त माल कुत्र्याच्या पोटात जातो. तात्यांना हे हिशेबाच्या भाषेत सांगितलं तेव्हा पटलं. "मग झाडण बांधावर टाकायची न्हाई म्हणायची," असं तेच म्हणाले.

खरा धोका त्या झाडणीतच असतो. रॅकवरच्या जाळीतला बेदाणा कुत्र्याच्या तोंडाला सहसा लागत नाही. पण माल वाळल्यावर जाळ्या झाडतात तेव्हा बारके, काळे पडलेले, देठासकटचे मणी खाली पडतात, झाडून एका कोपऱ्यात लोटले जातात आणि तिथेच राहतात. ऊन लागलं की त्याचा गुळासारखा वास सुटतो. हरणीचं नाक त्या कोपऱ्याकडे वळायचं ते मला लांबूनही कळायचं: शेपूट खाली, मान पुढे काढलेली, पाय अगदी हळू. आता झाडण झाकणाच्या पिंपात जाते. शेडच्या तोंडाला जाळीचं पाच फुटी फाटक बसवलंय. वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायच्या टाकीपाशी डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी सांडतं, तिथं कुत्र्यानं जिभेनं चाटू नये म्हणून तो भागही फाटकाच्या आतच घेतला.

मळ्यात मोकळं सोडताना मुसकं घालतो. कारवानच्या लांब तोंडाला बाजारातलं गोल मुसकं बसत नाही, एकतर नाकावर रुततं नाहीतर पंजानं निघून येतं. ग्रेहाउंडच्या मापाचं, पुढं लांब असलेलं टोपलीचं मुसकं घ्या. आत तोंड पूर्ण उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत आणि पाणी पिता आलं पाहिजे. कापडी पट्ट्यानं तोंड आवळून कुत्रं पळवलं तर उन्हाळ्यात ते तापून मरेल. सवय लावायला मुसक्याच्या आतल्या टोकाला दही लावायचो आणि पट्टा न बांधता तिला स्वतःहून तोंड घालू द्यायचो. आता मुसकं हातात दिसलं की तीच पुढे येते.

एवढं करूनही कुत्र्यानं मणी खाल्लेच, तर उलटीची वाट बघत बसू नका. लगेच डॉक्टर गाठा, ते औषधानं उलटी करवतात आणि पुढे साधारण दोन दिवस सलाईनवर ठेवून मूत्रपिंडं तपासत राहतात. खाल्ल्यावर दिवसभरात उलट्या होतात, कुत्रं मलूल पडतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची रीत आपल्याकडे अजून आहे, ती सोडा. रक्तात मीठ वाढून झटके येतात आणि एका विषावर दुसरं चढतं.

पळण्याचं थोडक्यात सांगतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उघडी होते आणि ओळींमधली वाट कुत्र्याला पळायला मोहाची वाटते. पण ओळीच्या टोकाला मांडव ताणून धरणाऱ्या तारा तिरप्या जमिनीत गेलेल्या असतात. कारवान नजरेनं शिकार धरणारं कुत्रं, भरधाव असताना लांबचं हलतं ते बघतं, जवळची तार त्याला दिसत नाही. छाती फाटल्याची, डोळा गेल्याची प्रकरणं या भागात नवीन नाहीत. आम्ही प्रत्येक तारेला कुत्र्याच्या छातीच्या उंचीवर जुन्या ठिबकच्या नळीचे तुकडे चिरून बसवलेत आणि वर पांढरी पिशवी बांधलीय. तरीही सुसाट सोडायचं ते पडीक रानातच, भल्या पहाटे. सशामागं सोडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि त्या एका दिवसाच्या मर्दुमकीपायी आपल्या जातिवंत कुत्र्याचं नाव खराब होतं. लांब दोरीला चिंधी बांधून ओढली की हरणी तितक्याच जीव तोडून धावते.

बरगड्यांबद्दल सगळ्यांना बोलणी बसतात. आई शेजारणींना रोज समजावते की ही उपाशी नाही. मागच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं हीच या जातीची ठेवण आहे. चरबी चढवली तर सांध्यांवर भार येतो. ज्वारीची भाकरी, ताक, अंडं, शिजवलेली कोंबडी बिनहाडाची, असं तिचं खाणं चालू आहे. आमटीतला चिंचेचा कोळ आता कळल्यापासून बंद.

उन्हाळ्यात वेळ खाल्ला तो गोचिडांनी. तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावर थोडाच वेळ असतो. वाढीच्या प्रत्येक टप्प्याला रक्त पिऊन खाली उतरतो, भिंतीच्या भेगेत वर चढून बसतो, आणि मादी तिथंच हजारोंनी अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्र्याच्या अंगावरचं वेचून काही साधत नाही. हरणीच्या झोपायच्या कोपऱ्याच्या दगडी भिंतीतल्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, पोतं काढून धुता येईल अशी सतरंजी घातली. औषध डॉक्टरांनी वजनावर दिलेली चघळायची गोळी. गोठ्यातल्या बाटलीतलं औषध अंदाजानं कुत्र्याला चोळणारे बरेच आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, नको. घरात मांजर असेल तर आणखी जपा. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन हे गोचिडांचं औषध मांजराच्या जिवावर उठतं, आणि आमची मनी हरणीच्या कुशीतच झोपते.

गोचीडतापासाठी एक सवय लावून घेतलीय. रोज सकाळी हरणीचा ओठ वर करून हिरडी बघतो, बोटानं दाबतो. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. हिरडी फिकट राहिली, लघवी कॉफीच्या रंगाची आली, नाकातून रक्त आलं की त्याच दिवशी रक्ततपासणी.

पुढचं काम नसबंदीच्या शस्त्रक्रियेचं. पिल्लं काढायची नाहीत हे ठरलेलं आहे. गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो, पण कधी करायची हे पहिला माज होऊन गेल्यावर डॉक्टरांशी बोलून ठरवू. या जातीत भुलीचा प्रश्न वेगळा असतो. अंगावर चरबी नसल्यामुळे आणि यकृतात औषधाचा निचरा सावकाश होत असल्यामुळे थायोपेंटोनसारखी जुनी भूल दिलेलं कुत्रं फार उशिरा शुद्धीवर येतं. म्हणून कारवान आहे हे डॉक्टरांना आधीच सांगायचं, कोणती भूल देणार ते विचारायचं, आणि टेबलावर अंग गार पडू नये याची सोय आहे का ते बघायचं.

हरणीची रेबीजची पुढची लस डिसेंबरात. पण शेडवरच्या वाघ्याला आणि वस्तीवरच्या बाकी कुत्र्यांना कुणी वाली नाही. ६ जुलै हा जागतिक प्राणिजन्य आजार दिन. १८८५ साली याच दिवशी पाश्चरनं कुत्रं चावलेल्या पोराला पहिली लस टोचली होती. त्या दिवसाच्या आत ही सगळी कुत्री डॉक्टरांकडे न्यायचं तात्यांनी अंगावर घेतलंय, टेम्पो त्यांचाच. पाऊस लागायच्या आधी हरणीच्या लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लसीच्या डोसचंही विचारून घेणार आहे, कारण कृष्णाकाठी पाणी चढलं की उंदरांच्या मुतानं खराब झालेलं डबकं कुत्र्यानं प्यायला वेळ लागत नाही.

कवठेमहांकाळ, जतकडच्या शेडवाल्यांनी झाडणीची काय व्यवस्था लावलीय ते मला जरूर कळवा. पिंप लवकर भरतं, आणि पुढच्या हंगामाआधी याहून मोठी सोय हवी आहे.