मिरगातला बेडूक-फेरा

आंब्याला मोहोर असताना गोव्यात बेडूक शोधण्यात अर्थ नाही. पिवळा बेडूक तेव्हा मातीत गाडून घेऊन पडलेला असतो. म्हणून आमच्या निसर्ग-मंडळाच्या वार्षिक बेडूक-फेऱ्याची, म्हणजे रात्री बेडूक बघून वहीत नोंदण्याच्या फेरीची, तारीख कधी आधी छापली गेली नाही. मिरगाच्या सुमारास सत्तरीत लागोपाठ दोन संध्याकाळी पाऊस दणकून पडला, की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला चोर्ल्याच्या वाटेवर जमायचं. मंडळी दहाच. वनखात्याची परवानगी आधीच काढलेली.

सामान थोडकं: गमबूट, टॉर्च, वही. डासांचं मलम नको, कारण बेडूक कातडीनेही श्वास घेतो. तरी दरवर्षी कुणीतरी दरवळत यायचाच. वही त्याच्या हाती जायची.

चुकायचं ते उजेडाने. आवाज आला की लगेच टॉर्च मारला तर बेडूक गप्प होतो आणि सगळे खोळंबतात. आधी अंधारात उभं राहायचं. दोघांनी सहा-सात पावलांच्या अंतरावरून आवाजाकडे बोट धरायचं आणि दोन रेषा मिळतात तिथे मंद, तिरका उजेड टाकायचा. नखाएवढा झुडुपी बेडूक असाच सापडतो: पानावर चिकटून बसलेला, गळ्याखाली ताणलेला फुगा. फांदी मात्र आधी न्याहाळायची, चापडा हा विषारी सापही तिथेच असतो. डबक्याकाठचे डोळे बघायचे तर टॉर्च कानशिलाशी धरायचा. छातीशी धरला तर चमक दिसत नाही.

कोंडीवर वाकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला दिसला, तर ते उडत्या बेडकाचं घरटं. पिल्लं खाली पाण्यात पडतात, म्हणून फांदी हलवायची नाही. सड्यावरच्या, म्हणजे कातळ-पठारावरच्या, डबक्यांत 2018 साली नोंदलेली एक जात आहे, तिच्या शास्त्रीय नावातच ‘गोएमची’, म्हणजे गोंयची.

खाचरातला पिवळाजर्द नर, गळ्याशी निळे फुगे, हा फेऱ्याचा राजा. प्रखर उजेडात तो जागचा हलत नाही, आणि हे पोतं घेऊन फिरणाऱ्यांनाही ठाऊक आहे. ‘जंपिंग चिकन’ म्हणून तो ताटात जातो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा. त्यामुळे वहीत आकडा लिहायचा, खाचराचं नाव नाही.

गमबूट ओहोळात धुवायचे नाहीत, एका पाण्यातली बेडकांना घातक बुरशी दुसऱ्यात जाते. घरच्या नळाखाली धुऊन वाळवायचे. मग पेज, तोरांचं लोणचं, आणि वहीवरून वाद: ती टिकटिक बेडकाची की किड्याची?