हळदीच्या फोटोतली काळी पट्टी

मावसबहिणीच्या हळदीला फोटो काढायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं, कारण नवा मॅन्युअल फ्लॅश आणि रेडिओ ट्रिगर (लांबचा फ्लॅश कॅमेऱ्यावरून बिनतारी उडवणारा) घेऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि कुठेतरी वापरायची नुसती खाज होती. सकाळी साडेदहाचं ऊन, नवरीवर मांडवाची सावली पण मागचं अंगण तळपतंय, म्हणून मागचं ऊन आवरायला शटर १/५०० सेकंदावर नेलं आणि चेहऱ्यासाठी स्टँडवरून फ्लॅश. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा स्क्रीनवर, तेही उन्हात, चेहरे पिवळेधमक आणि हसरे दिसत होते, मी खूश. रात्री लॅपटॉपवर बघतो तर प्रत्येक आडव्या फोटोत खालचा जवळपास अर्धा भाग काळपट. नवरीचा चेहरा उजळलेला, आणि हळदीची वाटी, आंब्याची पानं, पाटावरचे पाय सगळं अंधारात. उभ्या फोटोत तीच पट्टी एका बाजूला, म्हणजे नवरी आहे आणि शेजारी बसलेली मावशी गायब.

आधी फ्लॅशला शिव्या घातल्या, मग सेल बदलले. मामा तिथेच माडीवर पान जुळवत बसला होता, त्याचा पूर्वी स्टुडिओ होता, त्याने एकच फोटो बघितला आणि म्हणाला, "अरे, सिंक चुकलाय तुझा. तो पडद्याचा फोटो आलाय." सिंक म्हणजे शटर उघडणं आणि फ्लॅश उडणं यांची वेळ जुळणं.

तर भानगड अशी आहे. आपल्या डीएसएलआरमधे सेन्सरपुढे दोन पडदे असतात, पहिला उघडत जातो आणि दुसरा त्याच्या मागून झाकत येतो. १/२०० सारख्या वेगाला पहिला पडदा पूर्ण उघडतो, क्षणभर अख्खा सेन्सर मोकळा असतो, आणि तेवढ्यात फ्लॅश उडतो. त्याहून वेग वाढवला की पडदे काही जास्त जोरात पळत नाहीत (मला इतकी वर्षं तसंच वाटायचं), दुसरा पडदा फक्त लवकर निघतो, त्यामुळे अख्खा सेन्सर एका वेळी कधी मोकळाच नसतो, एक फट नुसती सरकत जाते. फ्लॅशचा उजेड तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, त्या क्षणी जेवढी फट तेवढाच उजेड, बाकी पडद्यावर. अंतरपाट अर्धा धरलेला असतानाच अक्षता टाकल्यासारखं.

मग कॅमेऱ्याने अडवलं का नाही? कंपनीचा फ्लॅश डोक्यावर लावला की कॅमेरा स्वतःच १/२०० च्या वर जाऊ देत नाही. माझा स्वस्तातला ट्रिगर हॉट शूच्या (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश लावायची खाच) मधल्या एकाच पिनवर चालतो, त्यामुळे कॅमेऱ्याला वर फ्लॅश आहे हेच माहीत नाही, तो बिचारा काय अडवणार.

रात्री बारा वाजता माडीवरचा दिवा घालवून पांढऱ्या भिंतीचे फोटो काढत बसलो, १/१६०, १/२००, १/२५०, १/३२०. पुस्तिकेत १/२०० लिहिलंय पण त्यालाही तळाला बोटभर सावली येत होती, कारण रेडिओचा निरोप पोचायलाही किंचित वेळ जातो. १/१६० ला भिंत स्वच्छ. आणि गंमत म्हणजे १/६० ठेवा नाहीतर १/१६०, भिंतीवरचा उजेड तेवढाच, कारण फ्लॅशच्या उजेडाला शटरचं काही देणंघेणं नाही, तो अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती चटकन दाद देतो), अंतर आणि फ्लॅशची पॉवर यांवर ठरतो, शटर फक्त बाकीचा उजेड कमीजास्त करतं. म्हणजे सकाळी मी १/१६०, आयएसओ १०० आणि एफ ११ किंवा १६ वर जायला हवं होतं, फ्लॅश जवळ आणून पॉवर वाढवून, किंवा लेन्सवर उजेड कमी करणारी काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावून. हायस्पीड सिंक असतं तर फ्लॅश पडदे सरकेपर्यंत बारीक बारीक लुकलुकत राहतो, पण त्यात ताकद बरीच जाते, आणि माझ्या फ्लॅशमधे ते नाहीच.

मामाच्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याला, याशिका मॅट १२४ जी ला, ही कटकट नव्हती, तिचं शटर लेन्समधेच, पाकळ्यांचं, १/५०० लाही पूर्ण उघडणारं, त्यामुळे कुठल्याही वेगाला फ्लॅश चालतो. पण तिला एम आणि एक्स असा लिव्हर आहे. एम जुन्या फ्लॅशबल्बसाठी, तो पेटून पूर्ण उजळायला साधारण २० मिलिसेकंद घ्यायचा म्हणून त्याला आधी पेटवायचं आणि शटर मागून उघडायचं. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश एम वर लावला तर शटर उघडायच्या आतच उजेड संपलेला. मामाचा एका बारशाचा अख्खा रोल असा कोरा गेला होता, तेव्हापासून त्याने लिव्हर एक्सवर ठेवून वर चिकटपट्टी मारली, ती अजून तशीच आहे, पिवळी पडलेली.

लग्नाचे फोटो १/१६० वर नीट आले. हळदीचे मी शक्य तेवढे क्रॉप करून पाठवले, आणि मावशी अजून भेटली की विचारते, "मी तर तिच्या शेजारीच बसले होते, मला का कापलंस रे?"