दंड पुरेसा नाही, भाडेपट्टा काढून घ्यायला हवा

२० एप्रिल २०१० च्या रात्री मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटावर स्फोट झाला, ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि समुद्रतळाखालची मॅकोंडो विहीर पुढे ८७ दिवस समुद्रात तेल ओतत राहिली. एवढे बहुतेकांना आठवते. ती जागा विहीर खोदणाऱ्या बीपी या तेल कंपनीच्या मालकीची नव्हती, हे मात्र फारसे बोलले जात नाही. मिसिसिपी कॅन्यन विभागातील २५२ क्रमांकाचा तो गट अमेरिकी जनतेचा होता आणि सरकारने मार्च २००८ च्या लिलावात तो भाडेपट्ट्याने दिला होता. भाडेकरूने निष्काळजीपणाने घर जाळले, तर मालक भरपाई घेतो आणि घरही रिकामे करून घेतो. येथे सरकारने भरपाई घेतली, पण भाडेकरूच्या ताब्यातील बाकीच्या जागांना हात लावला नाही.

याचे कारण बरेचसे कायद्यातच आहे. बाह्य खंडमंचावरील, म्हणजे किनाऱ्यापासून दूरच्या सरकारी समुद्रतळावरील, पट्ट्यांसंबंधीचा अमेरिकी कायदा १९५३ चा आहे आणि पर्यावरणाच्या कारणावरून पट्टा रद्द करण्याची तरतूद त्यात १९७८ मध्ये आली. त्याआधी, जानेवारी १९६९ मध्ये, कॅलिफोर्नियातील सांता बार्बराजवळ युनियन ऑइल कंपनीच्या फलाटाखालून तेल फुटले होते आणि सरकारने तेथील पुढील कामाला स्थगिती दिली होती. कंपन्या न्यायालयात गेल्या. १९७५ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले, की अमर्याद काळाची स्थगिती म्हणजे प्रत्यक्षात पट्टा काढून घेणेच होय आणि तसा अधिकार काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मंत्र्यांना दिलेला नाही. १९७८ च्या दुरुस्तीने हा अधिकार दिला खरा, पण इतक्या अटींसह, की तो वापरणे जवळजवळ अशक्य व्हावे. पुढील कामामुळे गंभीर हानी होण्याचा संभव आहे, तो धोका वाजवी काळात टळणार नाही आणि पट्टा चालू ठेवण्यापेक्षा रद्द करण्यात अधिक हित आहे, हे सुनावणी घेऊन ठरवावे लागते. त्यापूर्वी साधारणपणे पाच वर्षे पट्टा स्थगित असावा लागतो. एवढे करूनही कंपनीला सरकारनेच भरपाई द्यायची.

मला सर्वांत खटकते ते असे, की ही कसोटी जागेकडे पाहते, कंपनीच्या वर्तनाकडे पाहत नाही. मॅकोंडोची विहीर सप्टेंबर २०१० मध्ये कायमची बुजवली गेल्यावर त्या जागेचा धोका संपला, म्हणजे या कसोटीनुसार विचारण्यासारखा प्रश्नच उरला नाही. नियमभंगाबद्दल पट्टा रद्द करण्याची वेगळी तरतूद आहे, पण उत्पादन सुरू नसलेल्या पट्ट्यावर नोटिशीनंतर ३० दिवसांत चूक सुधारली की ती लागू होत नाही आणि उत्पादन सुरू असलेल्या पट्ट्यासाठी सरकारला जिल्हा न्यायालयात जावे लागते. २००५ मध्ये याच कंपनीच्या टेक्सास सिटी येथील शुद्धीकरण प्रकल्पातील स्फोटात १५ जण मरण पावले होते आणि २००६ मध्ये अलास्कातील प्रुडो बे येथे तिच्या गंजलेल्या वाहिनीतून तेल गळले होते. सार्वजनिक मालमत्ता कोणाच्या हाती ठेवायची हे ठरवताना हा इतिहास विचारात घ्यायचा नाही, हे मला पटत नाही.

दंड मोठा होता, हे मान्य आहे. २०१५ मध्ये ठरलेली तडजोड २०.८ अब्ज डॉलरची होती. परंतु त्यातील ५.५ अब्ज डॉलरचा दंड वगळता बरीचशी रक्कम कंपनीला करासाठी खर्च म्हणून दाखवता येण्याजोगी होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने बीपीला नवी सरकारी कंत्राटे आणि पट्टे घेण्यास बंदी केली, पण हातातील पट्टे तसेच राहिले. मार्च २०१४ मध्ये ती बंदी उठली आणि काही दिवसांतच आखातातील लिलावात बीपी पुन्हा बोली लावत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायाधीश कार्ल बार्बिए यांनी कंपनीला घोर निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. बंदी आधी उठली, निकाल नंतर आला.

म्हणून घोर निष्काळजीपणा न्यायालयात सिद्ध झाल्यास त्या कंपनीचे सार्वजनिक पट्टे भरपाईशिवाय परत घेता येतील, अशी अट नव्या पट्ट्यांच्या करारातच लिहिली जावी, असे माझे मत आहे. जुन्या करारांत ती मागाहून घुसवणे न्याय्य नाही आणि परवडणारेही नाही. नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळील पट्ट्यांच्या अटी काँग्रेसने नव्या कायद्याने मागाहून बदलल्या, तेव्हा २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला मोबिल आणि मॅरेथॉन या तेल कंपन्यांचे १५ कोटींहून अधिक डॉलर परत करायला लावले होते.

पट्टा काढून घेतल्यास कामगारांचा रोजगार जाईल, हा आक्षेप गंभीर आहे, पण पट्टा काढून घेणे म्हणजे विहीर बंद करणे नव्हे. तोच गट विहीर चालवणाऱ्या दुसऱ्या कंपनीला लिलावात देता येतो. मॅकोंडोच्या पट्ट्यात बीपीचा वाटा ६५ टक्के होता, २५ टक्के अॅनाडार्कोचा आणि १० टक्के मोएक्सचा. अशा ठिकाणी निर्णय घेणाऱ्या चालक कंपनीचाच वाटा जप्त व्हावा, भागीदारांचा नव्हे. आणि ज्या विहिरी त्या कंपनीने खोदल्या, त्या बुजवण्याचा व फलाट काढून नेण्याचा खर्च पट्टा गेल्यानंतरही तिच्याकडेच राहावा, नाहीतर जुन्या, तोट्यातल्या विहिरींतून सुटण्यासाठी काही कंपन्यांना पट्टा जाणेच सोयीचे वाटेल.